अज्र : मोबदला, बक्षीस की मजुरी?

आकाशनिंब
कोंढव्यातल्या एका मैत्रिणीची आई वारली. चाळिसाव्याला, म्हणजे मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, वाटायला ती चार पानांची पुस्तिका काढते आहे, बायकांना आखिरतमध्ये (मरणानंतरच्या जीवनात) काय मिळतं यावर. मराठीत, कारण भाचरं सगळी मराठी माध्यमातली, उर्दू वाचता येत नाही. भाषांतर माझ्या गळ्यात. अडकलेय कुराणातल्या सूरह (अध्याय) अहझाबच्या ३५व्या आयतीत (वचनात). तिथे दहा जोड्या आहेत : सबुरी राखणारे पुरुष आणि सबुरी राखणाऱ्या स्त्रिया, दान देणारे आणि देणाऱ्या, रोजे ठेवणारे आणि ठेवणाऱ्या, असं करत शेवटी, 'या सर्वांसाठी अल्लाहने क्षमा आणि मोठा अज्र तयार ठेवला आहे.' मी अज्रला 'मोबदला' लिहिलं. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी त्यावर लाल गोल करून समासात लिहिलंय, 'जमीन गेली का?' शिवाय दहाही ठिकाणच्या '-णाऱ्या स्त्रिया' उडवल्यात. म्हणे, मराठीत अनेकवचनात बायका येतातच.

पेठेतला
काकांचं बरोबर आहे. मोबदला म्हटलं की मला रिंगरोड आणि तलाठी दिसतो. 'बक्षीस' लिहा.

अडकित्ता
बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. अज्र म्हणजे केलेल्या कामाचे पैसे. कुराणातच मूसा दोन बहिणींच्या मेंढरांना पाणी पाजतो, तेव्हा त्यांचे वडील अज्र द्यायला त्याला बोलावून घेतात. लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायच्या मेहरलाही तिथे 'उजूर' म्हटलंय, ते अज्रचंच अनेकवचन. आपला 'मजूर' त्यातूनच आला असणार.

पेठेतला
असणार, असणार! मजूर फारसी 'मुज़्दूर'वरून आला, अरबीशी काही संबंध नाही. मुज़्द म्हणजे वेतन. आणि त्याचा सख्खा भाऊ वेदात आहे, मीढ, म्हणजे जिंकून मिळालेलं धन.

शुद्धमती
बघा, फिरून वेदांतच आलात. मोबदला, बक्षीस, इनाम, मजुरी सगळी उसनवारी. सरळ 'पुण्यफल' लिहा.

पेठेतला
सबुरी काढून काय लिहायचं मग? शिर्डीला कळवावं लागेल. तो शब्द आणि आयतीतला 'साबिरात' (सबुरी राखणाऱ्या स्त्रिया) एकाच धातूचे आहेत.

शुद्धमती
सबुरी रुळलीय, तिचं सोडा. फार्शी-मराठी कोश १९२५ साली करणारे माधव जूलियनसुद्धा पुढे भाषाशुद्धीच्या बाजूला आले, एवढंच सुचवते.

कोंढव्याहून
मीच ती मैत्रीण. 'पुण्य' या अर्थी आमच्या घरात 'सवाब' म्हणतात, त्याच्या मुळाशी 'परत येणं' आहे. अज्र वेगळा ठेवू या. पण माझं भांडण दुसऱ्याच गोष्टीवर आहे. त्या '-णाऱ्या स्त्रिया' परत घाला. परंपरेत सांगतात की पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमांनी त्यांना विचारलं होतं, पुरुषांचा उल्लेख येतो, आमचा का नाही? त्यावर ही आयत आली. काकांचं व्याकरण अरबीतही चालतं, तिथेही पुल्लिंगी अनेकवचनात बायका धरतात. तरी दहा वेळा वेगळं म्हटलंय. तेच उडवलं तर पुस्तिका कशाला छापायची?

आकाशनिंब
हे मला सुचायला हवं होतं. दहाच्या दहा परत घातल्या. वाचताना अडखळायला होतं खरं, होऊ दे.

अडकित्ता
आणि जन्नतमध्ये भेटणाऱ्या हूरला काय लिहिलंय?

आकाशनिंब
आधी 'अप्सरा' होतं, काढलं. अप्सरा तपोभंग करायला येते, ही तशी नाही. 'हूर'च ठेवलं.

अडकित्ता
हूर हे मुळात अनेकवचन. एकवचन पुल्लिंगी असेल तर अहवर, स्त्रीलिंगी असेल तर हवरा. डोळ्यातलं काळं गडद काळं आणि पांढरं लख्ख पांढरं, असा अर्थ. म्हणजे शब्द दोघांनाही चालतो, बायकांनाही हूर मिळतील.

पेठेतला
व्याकरणावर एवढा इमला नका बांधू. सूरह रहमानमध्ये हूरचं विशेषण 'मक्सूरात' आहे, स्त्रीलिंगी. जोडीदाराचा शब्द 'ज़ौज' मात्र नवरा-बायको दोघांनाही चालतो. तो वापरा.

मेंढपाळ
हुरळणे हे हूरवरूनच ना? हूर दिसली की माणूस हुरळतो.

पेठेतला
मग 'हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे'त मेंढीला कोण दिसली?

कोंढव्याहून
अम्मी जन्नतच्या नक्षीकामात कधी पडली नाही. तिला फिरऔनच्या (मूसाच्या काळच्या मिसरच्या राजाच्या) बायकोची दुआ पाठ होती : हे माझ्या रब, तुझ्याजवळ माझ्यासाठी जन्नतमध्ये एक घर बांध. अरबीत आधी 'तुझ्याजवळ' येतं, मग 'घर'. ती म्हणायची, बघ, बाईने शेजार आधी बघितला. चाळीस वर्षं भाड्याच्या घरात काढली तिने, घरमालकाच्या नजरेखाली. मराठीत हा क्रम मोडू नकोस.

आकाशनिंब
नाही मोडला. 'तुझ्याजवळ' पहिलंच ठेवलंय. मुखपृष्ठावर नावाआधी काय घालू? काकांनी 'पैगंबरवासी' सुचवलंय.

कोंढव्याहून
मर्हूमा.

शुद्धमती
पैगंबरवासी काय वाईट आहे? वैकुंठवासी, कैलासवासी तसं. महाराष्ट्रात रूढ आहे, वर्तमानपत्रांतही येतं.

अडकित्ता
वैकुंठ, कैलास ही ठिकाणं आहेत. पैगंबर माणूस. माणसात वास कसा करणार?

पेठेतला
'पुणेवासी' होता येतं, 'पेशवेवासी' होता येत नाही. मर्हूमा म्हणजे जिच्यावर रहम झाला ती. अर्थालाही तेच नेमकं.

शुद्धमती
रूढ झाल्यावर व्युत्पत्ती विचारायची नसते.

पेठेतला
हे तुम्ही म्हणताय?

आकाशनिंब
उद्या अकराला मजकूर अप्पा बळवंत चौकात छापायला द्यायचाय. 'मोबदला' ठेवू की 'अज्र'च ठेवून तळाशी अर्थ देऊ?

मेंढपाळ
हुरडा पण त्यातलाच का?