केव्हीएम: लॅबसाठी उबुंटूची इमेज स्क्रिप्टने कशी बनवावी? सगळ्या क्लोनना एकच आयपी

लॅब_फोंडा:
नमस्कार. कॉलेजच्या लॅबसाठी केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशिन्स चालवायची सोय) उबुंटू २४.०४ ची ३० व्हर्च्युअल मशिन्स हवीत. एक हाताने इन्स्टॉल करून तिची डिस्क कॉपी केली. प्रत्येकाचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) वेगळा, तरी डीएचसीपी (नेटवर्कवर आयपी पत्ते वाटणारा सर्व्हर) सर्वांना एकच आयपी देतो. दर सत्राला हाताने करणं परवडणारं नाही. काय करावं?

पणजी_सिसॲडमिन:
मॅकमध्ये दोष नाही, मशीन-आयडीत आहे. सिस्टमडी-नेटवर्कडी (उबुंटूत नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम) डीएचसीपीला पाठवायची ओळख मशीन-आयडी या फाइलवरून काढतो. डिस्कबरोबर तीही कॉपी झाली, म्हणून सर्व्हरला सगळी मिळून एकच मशीन दिसतं.

हातची डिस्क सोडा, उबुंटूची क्लाउड इमेज (आधीच इन्स्टॉल केलेली तयार डिस्क फाइल) घ्या. चेकसम (डाउनलोड नीट झालं का ते पडताळायचा आकडा) तपासून कॉपी करा, क्यूईएमयू-आयएमजी या कमांडने डिस्क २० जीबी करा. इथे बरेच जण फसतात: डिस्क वाढली तरी आतलं पार्टिशन जुन्याच आकाराचं राहतं, आणि जेडीके, जीसीसी (जावा आणि सीची साधनं) टाकताना जागा संपते. म्हणून व्हर्ट-कस्टमाइझमध्ये (बंद इमेजच्या आत बदल करणारं साधन) आधी ग्रोपार्ट (पार्टिशन वाढवतं), मग रिसाइझ-टू-एफएस (फाइलसिस्टम वाढवतं), त्यानंतरच पॅकेजेस. व्हर्ट-रिसाइझ वापरू नका. ते पार्टिशनचे क्रमांक बदलतं आणि इमेज बूटच होत नाही.

शेवटी मशीन-आयडी रिकामी करा. फाइल उडवायची नाही, शून्य बाइटची ठेवायची. पहिल्या बूटला नवी आयडी तयार होते.

म्हापसा_कर्नल:
वरच्याला जोड. व्हर्ट-सिसप्रेप (क्लोन करण्याआधी इमेज साफ करणारं साधन) मशीन-आयडीबरोबर एसएसएचच्या (दूरून लॉगिन करायची सेवा) होस्ट कीजही, म्हणजे मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्याही, काढतो. क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला मशीन सेट करणारा प्रोग्राम) चालू असेल तर त्या परत बनतात. बंद केलं असेल तर एसएसएच उठतच नाही. तेव्हा पहिल्या बूटला चालणाऱ्या फर्स्टबूट कमांडमध्ये त्या कीज बनवणारा एसएसएच-कीजेन, मोठा ए (-A) लावून, द्यावाच. आणि हे सगळं मशीन बंद असतानाच. चालू डिस्कवर चालवलं तर फाइलसिस्टम गेली म्हणून समजा.

होस्टही (ही मशिन्स चालवणारा संगणक) उबुंटूच असेल तर रूट, म्हणजे ॲडमिन, नसताना ही व्हर्ट- साधनं अडतात, कारण कर्नलची फाइल फक्त रूटला वाचता येते. तिला ०६४४ परवानगी (सगळ्यांना वाचता येईल अशी) द्या. कर्नल अपडेट झाला की पुन्हा तेच, म्हणून ती ओळ स्क्रिप्टमध्येच असू द्या.

लॅब_फोंडा:
आयपीचं कोडं सुटलं. ३० पूर्ण कॉप्यांना डिस्क पुरणार नाही. आणि पावसात वीज गेली की बिल्ड अर्धवट राहतो, स्क्रिप्ट तीच फाइल उचलते.

पणजी_सिसॲडमिन:
बिल्ड तात्पुरत्या नावाने करा; सगळे टप्पे पार पडले तरच एमव्ही कमांडने खरं नाव द्या. दोन्ही नावं एकाच फाइलसिस्टमवर हवीत. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच, शेबँगच्या (#! ची ओळ) खाली, सेट -ई लिहा, म्हणजे एखादी कमांड फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबेल.

जागेसाठी मूळ इमेजवर क्यूकाऊ-२ (क्यूईएमयूचा डिस्क फॉरमॅट) ओव्हरले काढा, प्रत्येक मशिनला एक. ओव्हरलेत फक्त बदललेले ब्लॉक साठतात. पण ओव्हरले काढल्यावर मूळ फाइलला हात लावायचा नाही, नाहीतर तीसच्या तीस बिघडतात. तिची लिहिण्याची परवानगी काढा आणि नव्या सत्राला नव्या नावाची इमेज बनवा.

म्हापसा_कर्नल:
ओव्हरले काढण्याआधी मूळ इमेजवर व्हर्ट-स्पार्सिफाय (रिकामी जागा काढून फाइल लहान करणारं साधन) चालवा, कॉम्प्रेस लावून. त्याला तात्पुरती जागा भरपूर लागते. टीएमपी (तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर) अपुरं असेल तर टीएमपीडीआयआर हा व्हेरिएबल मोठ्या डिस्ककडे वळवा. आणि प्रत्येक मशिनच्या क्लाउड-इनिट सीडमध्ये (त्याला दिलेल्या सेटिंगच्या फाइलींत) इन्स्टन्स-आयडी, म्हणजे त्या मशिनची ओळख, वेगळा ठेवा.