मदत हवी आहे: शिबिरात अजिबात न बोलणारा मुलगा

निवासी उन्हाळी शिबिर, दहा जणांचा गट. त्यातला नऊ वर्षांचा एक मुलगा कोणाशीच बोलत नाही. जेवण-झोप व्यवस्थित. गोलात नाव घेऊन बोलायला लावणं बंद केलंय. सगळे वळून बघतात आणि तो आणखी मिटतो. समोर न बसता शेजारी बसून मातीकाम करताना ‘हे की ते?’ विचारलं, तर बोट दाखवतो. पंगतीत मीठ वाढतो, पण ठरलेल्या एकाच जोडीदारासोबत. घरी भरपूर बोलतो म्हणे, त्यामुळे हा नुसता लाजाळूपणा वाटत नाही.

लगोरीत आधी गुण लिहायला बसवावं की थेट तिघांच्या संघात घ्यावं? शेकोटीला प्रत्येकाने काहीतरी सादर करायचंय. त्याला न बोलता करण्यासारखं काय देता येईल? (टाळ्या नकोतच!) आई-बाबांशी यावर कसं बोलावं?