मदत हवी आहे: "खरी एरियल कुठली?" साडेचार वर्षांच्या मुलीला काय सांगू?

गोदाकाठची:

नमस्कार. मी नाशिकला, इंदिरानगरमध्ये राहते. लेक साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत आहे. प्रश्न वाचून हसाल, पण पंधरा दिवस घरात यावरून धुसफूस चालू आहे. धागा लांबणार, आधीच सांगते.

दिवाळीत नणंद न्यू जर्सीहून आली होती. येताना जुना टॅब घेऊन आली आणि त्यात भाचीसाठी डिस्ने ज्युनिअरची 'एरियल' ही मालिका होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ही १९८९च्या 'द लिटल मरमेड' सिनेमातली, राजपुत्रापायी आवाज देऊन बसणारी सोळा वर्षांची मत्स्यकन्या एरियल नाही. ही लहान मुलगी आहे, कृष्णवर्णीय, तपकिरी-लाल पीळदार बटांची. राज्याचं नाव अटलांटिकाच, पण सगळा थाट कॅरिबियन बेटांचा, गाण्यांचा ठेकाही तिकडचाच. बाबा ट्रायटन, मित्रमंडळी लुसिया, फर्नी आणि फ्लाउंडर. काहीतरी सापडतं, काहीतरी बिनसतं, मग सगळे मिळून निस्तरतात. राजपुत्र औषधालाही नाही. मला तरी बरी वाटली, गाणी जरा जास्तच आहेत एवढंच.

जुन्या सिनेमातली उर्सुला म्हणजे जाडजूड समुद्री चेटकीण. यातली उर्सुला दुष्ट नाही. ती 'आँटी उर्सुला' आहे, हसरी आणि लाडकी. आमच्या बाईसाहेबांनी शेजारी बसलेल्या आत्याकडे पाहिलं आणि ठरवून टाकलं की उर्सुलापण आत्याच. आठवडाभर नणंदेला 'उर्सुला आत्या' अशी हाक मारत होती. नणंद जुना सिनेमा पाहून मोठी झालेली. तोंडावर हसली, पण रात्री भांडी आवरताना मला हळूच म्हणाली, "वहिनी, मी खरंच एवढी सुटलेय का गं?"

इथवर सगळं छान होतं. मग माझ्या जावेची मुलगी आली, चौथीतली. तिने दोन मिनिटं टॅबकडे पाहिलं आणि निकाल दिला, "ही खोटी एरियल आहे. खरी गोरी असते." पुरावा म्हणून आईच्या फोनवर जुना सिनेमा लावला. मी स्वयंपाकघरात होते. शेवटी उर्सुला डोंगराएवढी होते, तो भाग आला तशी लेक धावत येऊन माझ्या पदरात शिरली. "आत्याला काय झालं?" एवढंच विचारत होती. तेव्हापासून आत्याचा व्हिडिओ कॉल आला की ती पलंगाखाली.

आणि आता गॅदरिंग. फॅन्सी ड्रेसला तिने एक महिन्यापूर्वीच एरियल म्हणून नाव दिलंय. शालिमारकडे एका दुकानात भाड्याचा ड्रेस पाहायला गेलो. पाकिटात लालभडक विग, हिरवी शेपटी आणि पोट-हात झाकायला गुलाबीसर जाळी. दुकानदार म्हणाला, "स्किन कलर आहे, मॅडम." लेकीने जाळीवर स्वतःचा हात ठेवून पाहिला. मला म्हणाली, "कोणाचा?"

माझी लेक सावळी आहे, माझ्यावर गेलीये. ड्रेस न घेता आलो. घरी सासूबाई म्हणाल्या, "एवढं काय त्यात, थोडी पावडर लावू, स्टेजवर उठून दिसेल." त्या स्वतः माझ्याहून सावळ्या आहेत, म्हणून तर काय बोलावं तेच कळेना.

तर मला हवंय ते असं: खरी-खोटीचं काय उत्तर देऊ? आत्याची भीती कशी घालवू? आणि जाळी, विग, पावडर न वापरता मत्स्यकन्या कशी करू? अठरा दिवस राहिलेत.

टिकली_टाचणी:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचे सुटेपर्यंत अठरा दिवस संपतील.

शेपटी बंद शिवू नका. भाड्याच्या शेपट्या बंद असतात आणि पोरं स्टेजवर सशासारख्या उड्या मारत जातात, एक तरी तोंडावर पडतेच. कमरेला इलॅस्टिकचा घेर, गुडघ्यापर्यंत सरळ, खाली पंख उघडे ठेवा. टिकल्यांचं कापड मेन रोडला मीटरवर मिळेल. आतून सुती अस्तर घातल्याशिवाय घालू नका, टिकल्या मांड्यांना टोचतात आणि ऐन वेळी मूल रडतं. पंखांना लेहंग्यात घालतात ती कॅनकॅनची नेट दुहेरी घ्या, म्हणजे ताठ राहतात. वर साधा जांभळा बंद ब्लाउज. जानेवारीच्या गारठ्यात पोट उघडं ठेवायची गरजच काय?

विगऐवजी गंगावण घ्या, तपकिरी आणि थोडं लालसर. सात-आठ बारीक वेण्या घाला, त्यांत लोकर गुंफा. केस तिचेच राहतात आणि डोकंही खाजत नाही.

खडूस_काका:

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. ताईचं (चौथीतल्या) अगदीच चुकलं का? डॅनिश लेखक हान्स अँडरसनने १८३७मध्ये मूळ गोष्ट लिहिली, त्यात मत्स्यकन्येची कांती गुलाबाच्या पाकळीसारखी आणि डोळे खोल समुद्रासारखे निळे, असं स्वच्छ लिहिलंय. कोपनहेगनला तिचा पुतळा आहे. काळ्यासावळ्या मुलींसाठी नवी गोष्ट लिहा की, कोण नको म्हणतंय? दुसऱ्याच्या घराला आपला रंग का द्यायचा?

चहाबिस्किट:

काका, त्याच गोष्टीत चेटकीण मत्स्यकन्येची जीभ कापते. पाय मिळाल्यावर तिला प्रत्येक पाऊल सुरीवर ठेवल्यासारखं लागतं. शेवटी राजपुत्र दुसरीशी लग्न करतो आणि हिचा समुद्रावरचा फेस होतो. १९८९मध्ये हे बदललं तेव्हा कोणी 'मूळ गोष्ट' म्हणून दार ठोठावलं नाही. जीभ बदलली तर चाललं, कातडी बदलली की मूळ आठवतं.

आणि लाल केस? ते अँडरसनचे नाहीत. १९८४मध्ये सोनेरी केसांच्या जलपरीचा सिनेमा येऊन गेला होता, ही तशी दिसू नये म्हणूनही लाल निवडले गेले. म्हणजे ताईची 'खरी'सुद्धा कोणीतरी टेबलावर बसून ठरवलेलीच.

तिकडेही हा वाद जुनाच आहे. २०१९मध्ये नव्या सिनेमात कृष्णवर्णीय हॅली बेली एरियल होणार असं जाहीर झालं तेव्हा 'ही आमची एरियल नाही' म्हणून गदारोळ झाला. २०२२मध्ये पहिली झलक आली तशी नापसंतीची रांग लागली, आणि त्याच आठवड्यात लहानग्या कृष्णवर्णीय मुली ती झलक पाहून "ही माझ्यासारखी आहे" म्हणतानाचे व्हिडिओ जगभर फिरले. छोट्यांची मालिका त्यानंतरची, २७ जून २०२४ची. तुमच्या लेकीला यातलं काही माहीत नाही. तिने फक्त जाळीवर हात ठेवला.

खडूस_काका:

जिभेचा मुद्दा मान्य. बाकी विचार करतो.

पंचवटीकर:

अहो ताई, तुम्ही नाशकात राहून हा प्रश्न विचारताय? रविवारी लेकीला आणि पुतणीला घेऊन गंगेवर या. (बाहेरगावच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) आधी काळाराम दाखवा. मूर्ती काळ्या पाषाणाची. मग गोरेराम दाखवा. पुतणीला विचारा, यातला खोटा कुठला? एकाच गावात दोन्ही राम सुखाने नांदतात, तर दोन एरियल का नाही?

भद्रकालीकर:

पंचवटीकर, कल्पना झकास आहे, पण अर्धीच सांगितलीत. त्याच काळारामाच्या दारात २ मार्च १९३०ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, आत जायचा हक्क मिळावा म्हणून. देव काळा चालत होता, माणसं दाराबाहेर. साडेचार वर्षांच्या मुलीला हे सांगू नका, पण चौथीतल्या मुलीला सांगायला हरकत नाही. पूजेत काळा रंग आवडतो म्हणजे घरातही आवडतो, असं नसतं. पावडरीचा डबा त्याच घरात असतो.

बालवाडीच्या_बाई:

मी सव्वीस वर्षं तीन ते सहा वयाची मुलं सांभाळतेय, त्यामुळे थोडं हक्काने लिहिते.

या वयात खरी-खोटी हा वाद मुळात सुरूच करू नका. तुम्ही "तुझीपण खरी" म्हणालात तरी तिला ऐकू येतं की कुणाचीतरी खोटी आहे. नुसतं म्हणा, "ती ताईची एरियल, ही तुझी." मुलांना मालकी लगेच कळते. डबा, पाण्याची बाटली, एरियल.

पुतणीलाही रागावू नका. चौथीतल्या मुलांना नियम माहीत असल्याचा फार अभिमान असतो. तिला काम द्या. शेपटीवर टिकल्या लावायला बसवा.

आता आत्या. तिने आधी प्रेमळ उर्सुला पाहिली, मग तीच बाई अक्राळविक्राळ होताना पाहिली. तिच्या दृष्टीने हे दोन वेगळे कार्यक्रम नाहीत, आत्या बिघडली एवढंच. "घाबरायचं काय त्यात, कार्टून आहे" असं म्हणू नका. तिच्याकडून चित्र काढून घ्या, मोठी झालेली उर्सुला आणि तिला पुन्हा लहान करणारं काहीतरी. आमच्याकडे एकीने राक्षसाला लहान करायला त्याला ढेकर देऊ दिला होता. उपाय तिचा तिला सापडू द्या. आणि आत्याशी मोठ्या स्क्रीनवर बोलू नका काही दिवस. आधी नुसता आवाज, मग फोटो, मग व्हिडिओ. टॅब रोज तासाभराच्या आत, तोही तुम्ही शेजारी बसून, हे वेगळं सांगत नाही.

एक गंमत सांगू का? नाशिककरांनी तरी वाईट आत्येला घाबरू नये. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते इथे, आणि त्या नासिकेवरून गावाचं नाव पडलं असं आपणच सगळ्यांना सांगतो. ती रावणाची बहीण. म्हणजे मेघनादाची कोण? आत्याच की! लंकेच्या राजवाड्यात त्या पोराला तिने खेळवलं असेल, खाऊ दिला असेल. गोष्ट कुणाच्या घरातून सांगताय त्यावर आहे सगळं.

चहाबिस्किट:

बाई, आता पंचवटीत फिरताना मला दर वेळी मेघनाद आठवणार.

मिसळ_दही_वेगळं:

मत्स्यकन्याच हवी तर आपली सत्यवती आहे ना. माशाच्या पोटी सापडलेली, आणि रंगावरून तिचं नावच काली होतं. 'मत्स्यगंधा' लिहिणारे कानेटकर तर नाशिकचेच. पराशर ऋषी येईपर्यंतच गोष्ट सांगा मात्र, पुढे केजीचं काम नाही.

सिडकोची_आजी:

मी अडुसष्टची आहे, सासूबाईंच्या बाजूने बोलते. पावडर लावू म्हणणाऱ्या बाईला तुम्ही काय समजता? आम्हाला पाहायला यायचे तेव्हा आमच्या आया दाराआड उभ्या राहून आमच्या मानेवरची पावडर पुसायच्या, चेहरा आणि मान वेगळी दिसू नये म्हणून. एका स्थळाने माझा हात उन्हात धरून पाहिला होता. सासूबाई नातीला कमी लेखत नाहीयेत, तिला कुणी नको म्हणू नये म्हणून धडपडतायत. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना पाहायला कोण कोण आलं होतं, ते विचारा एकदा. मग गप्प बसून ऐका.

गोदाकाठची:

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, काल गॅदरिंग झालं.

आजी, तुमचं ऐकलं. दुपारी चहा घेताना विचारलं. पावणेदोन तास बोलल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या मुलालाही यातलं काही माहीत नव्हतं. इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. पावडरीवरून मात्र पूर्ण हटल्या नाहीत. "मानेला तरी लाव, घाम येतो," म्हणाल्या. जानेवारीत कसला घाम? पण तेवढं लावू दिलं.

काळारामाला गेलो. पुतणीने गोरेराम आणि काळाराम दोन्हींना नमस्कार केला आणि म्हणाली, "पण हे देव आहेत, एरियल कार्टून आहे." तिच्यापुढे हात टेकले. टिकल्या मात्र मन लावून लावल्या. डाव्या बाजूला जरा जास्त झाल्यात.

उर्सुलाचं चित्र काढून झालं. लहान करण्याचा उपाय: तिला आत्याच्या हातचा चिवडा खायला दिला की ती पुन्हा आत्या होते. चित्र नणंदेला पाठवलं. तिने तिकडे फ्रीजवर लावलंय आणि फोनवर लेकीशी बोलली, अजून आवाजावरच आहोत. पलंगाखाली नाही, पलंगावर बसून बोलली.

स्टेजवर गंगावणाची एक वेणी सुटली. पाठ केलेलं वाक्य होतं, "मी एरियल, मी समुद्र स्वच्छ ठेवते." आमची माइकसमोर उभी राहिली, प्रेक्षकांत आजी शोधली आणि म्हणाली, "मी एरियल. ही माझी आहे." मग खाली उतरली. बक्षीस तिसऱ्या रांगेतल्या भाजीवाल्याला मिळालं, त्याच्या टोपलीत खरी मेथी होती.

टिकली_टाचणी, तुमच्या हिशोबाने कापड जास्त आणलं गेलं. निळ्या-हिरव्या टिकल्यांचं दीड मीटर उरलंय, आणि थोडी कॅनकॅन. नाशिकमध्ये कुणाला हवं असेल तर इथेच सांगा, इंदिरानगरला येऊन न्या. अस्तर मात्र तुमचं तुम्ही घ्या.