बटाट्याच्या पदार्थांचं मूळ गाव : कागद मानायचा की आठवण?

शनिवारपेठी (धागाकर्ता)

पुण्यात सकाळच्या नाश्त्याला कुठेही जा, पदार्थाबरोबर त्याचा इतिहासही भिंतीवर टांगलेला असतो. ‘मिसळीत बटाट्याची भाजी प्रथम आम्हीच घातली’, ‘बटाटेवड्याचे मूळ जनक’ वगैरे. यातलं एकही विधान मला पटत नाही, कारण एकामागेही कागद नाही. माझं म्हणणं सरळ आहे. लेखी पुरावा दाखवता येत नसेल तर कोणी कुणाला जनक म्हणू नये.

बटाट्याच्या बाबतीत तर जास्तच जपून बोलायला हवं. हे पीक अँडीजच्या डोंगरातलं. युरोपात ते सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोचलं आणि पुढे पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलं. जहांगीरच्या दरबारात आलेल्या टॉमस रो या इंग्रज वकिलाला असफखान या दरबारी सरदाराने मेजवानी दिली, तिचं वर्णन रोबरोबरच्या एडवर्ड टेरी या पाद्र्याने लिहून ठेवलंय. त्यात ‘पोटॅटो’ आहेत, पण ती रताळी असावीत असं मानणारे अभ्यासक आहेत. म्हणजे लेखी असूनही वाद मिटत नाही. मग नुसत्या ऐकीव गोष्टींची काय कथा? चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात ‘धोसक’ सापडतो. त्यामुळे मसाला डोशाचं वरचं आवरण जुनं, पण आतली भाजी तेव्हा असणंच शक्य नाही.

बाहेरच्या देशांत अशा किती गोष्टी कोसळल्यात ते पाहा. बेल्जियमच्या नामूर गावात १६८० साली मूझ नदी गोठली, मासे मिळेनात, म्हणून लोकांनी बटाटे छोट्या माशांसारखे कापून तळले आणि फ्राइज जन्मल्या, असं सांगतात. पिएर लेक्लेर्क या इतिहासकाराने दाखवून दिलं की त्या भागात १७३५ च्या सुमारापर्यंत बटाटाच पोचला नव्हता. वेफर्सचं तेच. १८५३ मध्ये अमेरिकेतल्या साराटोगा इथे जॉर्ज क्रम या आचाऱ्याने कुरकुर करणाऱ्या गिऱ्हाइकावर चिडून बटाट्याचे पातळ काप तळले, ही गोष्ट पोरंसुद्धा सांगतात. पण विल्यम किचनर यांच्या १८१७ च्या इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकात तळलेल्या कापांची कृती आहेच.

आपल्या वडापावची गोष्टही तशीच चालत आलेली आहे. दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असं सांगतात, आणि त्याच सुमारासाठी सुधाकर म्हात्रे यांचंही नाव घेतलं जातं. दोन्ही माणसांबद्दल मला आदर आहे. पण ‘सांगतात’ हा पुरावा नव्हे.

तुळशीबागेतली

तुमची उदाहरणं चोख आहेत, निष्कर्ष मात्र मला अन्यायाचा वाटतो. कागद कोणाकडे होता? सकाळी चुलीपुढे बसलेल्या बाईकडे नव्हता. किचनरने १८१७ साली कृती छापली, यावरून तेव्हा ती छापली गेली एवढंच कळतं. त्याआधी किती घरांत तसे काप तळले गेले असतील, याबद्दल ते पुस्तक गप्प आहे.

स्पेनचं बटाट्याचं ऑम्लेट घ्या. नवारा प्रांतातल्या शेतकऱ्यांच्या हलाखीबद्दल १८१७ साली तिथल्या सभेकडे एक अर्ज गेला. आमच्या बायका दोन-तीन अंड्यांत बटाटे मिसळून पाच-सहा माणसांना पुरेल एवढं जाड ऑम्लेट करतात, अशा अर्थाचं त्यात लिहिलंय. म्हणजे ज्या कागदाला तुम्ही पुरावा म्हणाल तो कागदच सांगतोय की हे बायकांना आधीपासून येत होतं! मग मान कोणाला द्यायचा, अर्जदाराला की त्या बायकांना?

शनिवारपेठी

ताई, तो अर्ज मलाही महत्त्वाचा वाटतो. पण त्याच पदार्थाबद्दल लोकांच्या आठवणीत काय राहिलं होतं? सुमालाकारेगी नावाच्या सेनापतीने १८३५ च्या बिल्बाओच्या वेढ्यात सैनिकांसाठी तो शोधून काढला! आठवणीने श्रेय दिलं ते घोड्यावरच्या माणसाला. बायकांचा उल्लेख टिकला तो कागदात. पुढे स्पेनच्याच एक्स्त्रेमादुरा प्रांतातल्या व्हियानुएवा दे ला सेरेना गावाचा १७९८ चा उल्लेख पुढे आला, तोही कागदच. आठवण ही बायकांच्या बाजूची असते हे गृहीतच मला मान्य नाही. ती मोठ्या नावाकडे झुकते.

कोथरूड ते लंडन

इथल्या इंग्लिश ब्रेकफास्टवरून असाच वाद चालतो. हॅश ब्राउन (किसलेल्या बटाट्याची तळलेली वडी) ही अमेरिकेतून आलेली गोष्ट, ती ताटात नको, त्याऐवजी आपलं ‘बबल अँड स्क्वीक’ घ्या, असा आग्रह इंग्लिश ब्रेकफास्ट सोसायटी धरते. आज ते म्हणजे उरलेला बटाटा आणि कोबी परतून केलेला पदार्थ. पण मारिया रंडेल यांच्या १८०६ च्या पुस्तकात याच नावाखाली गोमांस आणि कोबी आहे, बटाटा नाहीच. ज्याला अस्सल म्हणून पुढे करतात त्यातही बटाटा मागाहून घुसलेला.

म्हणून मला वाटतं, ‘पहिल्यांदा कुठे’ हा प्रश्नच सोडावा. कुठे रुळला ते विचारा. स्वित्झर्लंडच्या बर्न भागातल्या शेतकऱ्यांनी रोश्टी (किसलेला बटाटा थापून तव्यावर भाजलेली) सकाळचं रोजचं खाणं केलं, म्हणून ती त्यांची. पुण्यात मिसळीच्या ताटलीत तळाला पोहे, बटाट्याची पिवळी भाजी, वरून सँपल (तिखट रस्सा) आणि बाजूला स्लाइस ब्रेड हे रुळलं, म्हणून ते पुण्याचं. पहिला मान कोणाचा, याने चवीत काय फरक पडतो?

तुळशीबागेतली

चवीत पडत नाही, श्रेयात पडतो. ‘रुळला’ म्हटलं की रुळवणारा गल्ल्यावर बसलेला माणूस ठरतो.

एकादशी

साबुदाण्याची खिचडी राहिली. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्या कसाव्यापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कंद, चारही अमेरिका खंडातले. आपल्या साबुदाण्याचं मोठं केंद्र तमिळनाडूतलं सेलम. आणि तरी हा पदार्थ आपल्याइतका दुसऱ्या कुणाचा नाही. उपासाला काय चालतं हे घराघरांत ठरलं, त्याचा शोध लावणारा कुणी सापडणार नाही. माझं मत कोथरूडकरांच्या बाजूने.

मंचरकर

सगळे ताटलीवर भांडताय, शेताकडे कोणी बघत नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो. बेणं पंजाबहून येतं, पावसाच्या तोंडावर लावतो. शेतातून नुकता काढलेला बटाटा आणि शीतगृहात महिनोन्‌महिने पडलेला बटाटा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. फार थंडीत ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते. मग भाजी गोडसर लागते आणि काप तळायला घेतले की आतून शिजायच्या आत बाहेरून करपट तपकिरी होतात. वडेवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. चांगला वडेवाला बटाटा उकडून, फोडून, बोटांत चुरडून बघतो. चिकट लागला तर सारण कढईत जास्त वेळ परततो, नाहीतर वडा तेलात उकलतो.

म्हणून म्हणतो, पदार्थ घडतो तो हाताला कसा माल येतो त्यावर. अमुक गावाने अमुक केलं म्हणताना तिथे त्या काळी कुठला बटाटा मिळत होता हे आधी विचारा. नामूरची गोष्ट त्यावरच पडली ना?

शनिवारपेठी

अगदी. आणि हा पुरावा मला कागदाइतकाच ग्राह्य आहे. पीक कधी आलं, बाजारात कधी भरपूर झालं, स्वस्त कधी झालं, हे शोधता येतं. त्याने कथेला तळाची मर्यादा मिळते. पण त्या मर्यादेनंतर पहिल्यांदा कोणी केलं, हे नाही कळत. तिथे जागा रिकामी ठेवावी.

तुळशीबागेतली

रिकामी जागा रिकामी राहत नाही, हेच माझं दुखणं आहे. तिथे भिंतीवरचा तो बोर्ड येतो.

माझ्या आजेसासूबाईंची हाताने लिहिलेली वही घरात आहे. लिंबाच्या लोणच्याला मीठ किती, अनारशाचं पीठ किती दिवस भिजवायचं, गुळाचा पाक कधी उतरवायचा, सगळं बारीक अक्षरात आहे. बटाटेपोहे नाहीत. बटाट्याची पिवळी भाजी नाही. जे चुकलं तर वर्षभराचं वाया जातं ते लिहिलं. जे रोज सकाळी हातून आपोआप होतं ते कोण लिहील? लेखी पुरावाच हवा म्हणालात की नाश्ता नावाचा अख्खा प्रकार इतिहासातून बाद होतो, आणि त्याबरोबर तो करणारी माणसंही.

आठवण चुकते, मान्य. मग तपासा ना! दोन घरांच्या आठवणी एकमेकींशी ताडून बघता येतात. गाव विचारा, माहेर विचारा, तेव्हा स्टोव्ह होता की चूल, तेल पळीने घालायचे की चमच्याने. ऐकीव म्हणून फेकून देणं सोपं आहे.

शनिवारपेठी

वहीत रोजचं नसतं, हा मुद्दा मी नाकारू शकत नाही. पण ताडून पाहिलेली आठवण लिहून ठेवली, तारीख-गाव घातलं, तरच ती माझ्या लेखी पुरावा. आणि एवढं करूनही ‘पहिलं’ कुणी म्हणायचं नाही. ‘आमच्याकडे अमुक सालापासून’, इतकंच.

मंचरकर

मग माझ्या आईचं लिहून घ्या. काढणीला बाया यायच्या, त्यांना सकाळची न्याहारी घरून जायची. कुदळ लागून फुटलेले बटाटे विकायला चालत नाहीत, तेच उकडायचे, सालासकट. हिरवी मिरची, लसूण, मीठ पाट्यावर वाटून तेलात परतायचं, बटाटा हाताने फोडून त्यात टाकायचा, वरून शेंगदाण्याचं कूट. हळद नाही. बाजरीची भाकरी. आई म्हणते ही भाजी तिने सासूकडून घेतली, माहेरी नव्हती.

शनिवारपेठी

माहेर कुठलं? आणि बहात्तरच्या दुष्काळाआधीचं की नंतरचं?

मंचरकर

माहेर जुन्नरकडचं. दुष्काळाआधीचं. लग्न त्याच्या आधीचं, आणि पहिल्याच काढणीला तिने ही भाजी केली होती. सासूबाई कुठून शिकल्या ते आईला माहीत नाही. आत्याला विचारून सांगतो.

तुळशीबागेतली

आत्याबाईंना हळदीचंही विचारा. आमच्याकडच्या भाजीत हळद आहे, ती कुठे आणि कधी आली ते मला हवंय.