लांबलचक मालिका सुरू करताना मांगा की ॲनिमे? – अनुभव धागा

हजाराच्या वर भाग झालेली एखादी जपानी मालिका नव्याने सुरू करायची म्हटले की पहिला प्रश्न पडतो तो मांगा (मूळ चित्रकथा) वाचायचा की ॲनिमे (तिच्यावरून केलेली ॲनिमेशन मालिका) पाहायचे हा. विचारायला जावे तर उत्तर बहुतेक वेळा एका वाक्यात मिळते: ‘मांगाच वाच’, नाहीतर ‘वाचत काय बसतोस, सरळ बघायला लाग’. ही उत्तरे देणाऱ्याच्या आवडीबद्दल बरेच काही सांगतात. मालिकेबद्दल काहीच सांगत नाहीत. म्हणून हा धागा. आपण कोणती मालिका घेतली, ती कोणत्या रूपात सुरू केली, मध्येच रूप बदलले असल्यास कशामुळे बदलले, हे तपशिलाने लिहावे अशी विनंती आहे. ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही तेही हे वाचणार आहेत, तेव्हा कथेतील रहस्ये कृपया फोडू नयेत.

सुरुवात मीच करतो. ‘वन पीस’चा मांगा एइचिरो ओदा यांनी जुलै १९९७ मध्ये ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात सुरू केला आणि तोएई ॲनिमेशनने ऑक्टोबर १९९९ मध्ये त्याचे ॲनिमे दूरचित्रवाणीवर आणले. मांगाचे आठवड्याला एक प्रकरण आणि ॲनिमेचाही आठवड्याला एक भाग. त्यामुळे ॲनिमे आज ना उद्या लेखकाच्या पाठीला जाऊन भिडणार, हे उघड होते. अशा वेळी इतर काही मालिकांनी पदरची कथानके घातली. येथे तीही आहेत, पण मुख्य भर राहिला तो मूळ प्रकरणच ताणण्यावर, म्हणजे पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी घालावे तशातला प्रकार. ड्रेसरोझाचे कथानक मांगात ७०० ते ८०१ अशा १०२ प्रकरणांत आटोपते. ॲनिमेला त्यासाठी ६२९ ते ७४६ असे ११८ भाग लागतात. एक प्रकरण सावकाश वाचायला दहा मिनिटे पुरतात. त्याचा अख्खा भाग करायचा तर शीर्षकगीत, मागील भागाचा गोषवारा, मग प्रत्येक पात्राचा आ वासलेला चेहरा, मग तोच ठोसा तीन बाजूंनी, असे करणे ओघानेच येते.

मी ॲनिमेपासून सुरुवात केली आणि अलाबास्ताच्या कथानकापर्यंत ते आनंदाने पाहिले, कारण तोवर एका भागात दीड-दोन प्रकरणे बसत होती. पुढे वेग मंदावत गेला तसा मांगाकडे वळलो आणि तिथेच रमलो. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला १०७१ वा भाग मुद्दाम वेळ काढून पाहिला (त्यात काय घडते ते सांगणार नाही). काय होणार हे पानोपानी ठाऊक असूनही खुर्चीतून उठवले नाही. तेव्हा माझा कौल मांगाला असला तरी तो या एका मालिकेपुरता आहे. माझ्या मते ‘मांगा की ॲनिमे’ असे विचारण्याआधी ‘हे ॲनिमे दर आठवड्याला अखंड चालले की हंगामा-हंगामाने आले’ हे विचारायला हवे; अर्धे उत्तर तिथेच मिळते.

बदलापूरहून, रोज लोकलने मुंबईला जाणारी वाचक

धागाकर्त्यांनी वेळेचे गणित मांडले आहे, मी जागेचे मांडते. ‘वन पीस’चे शंभराहून अधिक खंड झाले आहेत आणि इंग्रजी आवृत्तीचा एक खंड साधारण चारशे रुपयांच्या घरात जातो, आमच्या दोन खोल्यांच्या घरात ना तेवढी फळी आहे ना महिन्याच्या हिशोबात तेवढी फट. त्यामुळे माझे सगळे वाचन मोबाइलवर होते. शुएइशा या प्रकाशनसंस्थेचे ‘मांगा प्लस’ हे अधिकृत ॲप २०१९ पासून आहे. तिथे चालू मालिकांची पहिली आणि सर्वांत नवी काही प्रकरणे विनामूल्य मिळतात. मालिका आपल्या पचनी पडते का, एवढे ठरवायला ती पुरेशी आहेत.

मोबाइलवर वाचण्यातील खरी अडचण कोणी सांगत नाही. एकच चित्र समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेले असते, ते मोबाइलच्या उभ्या पडद्यावर मधोमध तुटते. आडवे करून पाहावे तर एका हाताने वरची कडी धरलेली असते आणि अंगठा जेमतेम पडद्याच्या अर्ध्यापर्यंत पोहोचतो. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचा असल्यामुळे बोटाच्या सवयीलाही उलटी दिशा शिकवावी लागते, पण ती दोन-तीन प्रकरणांत अंगवळणी पडते. इतके असूनही लोकलमध्ये मी मांगाच पसंत करते. कल्याणला गर्दी आत शिरली की वाचन जिथल्या तिथे थांबवता येते. ॲनिमेत नेमका त्याच क्षणी महत्त्वाचा संवाद असतो, आणि उपशीर्षके चुकली की मागे जाण्याची खटपट करावी लागते.

नागपूरहून, ‘नारुतो’चा जुना चाहता

मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’ची ७०० प्रकरणे १९९९ ते २०१४ या काळात आली. ॲनिमेचे पहिले पर्व २२० भागांचे आणि ‘शिपुदेन’ हे दुसरे पर्व ५०० भागांचे, म्हणजे एकूण ७२०. आकडे शेजारी ठेवले तर वाटते की एका प्रकरणाला एक भाग, हिशोब चोख आहे. प्रत्यक्षात पहिल्या पर्वाच्या १३५ व्या भागानंतर जवळजवळ शेवटपर्यंत मांगात नसलेली कथानके आहेत, आणि ‘शिपुदेन’मध्ये ऐन युद्धाच्या तोंडावरही ती येत राहतात. मांगा संपल्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ, मार्च २०१७ पर्यंत, ॲनिमे चालूच होते.

हे सगळे मान्य करूनही नवख्या माणसाला मी ‘नारुतो’ ॲनिमेच सुचवतो. ४८ व्या भागात रॉक ली हे पात्र पायांना बांधलेली वजने सोडून खाली टाकतो. मांगात ती जमिनीवर आदळतात तेव्हा आपण चकित होतो. ॲनिमेत आधी तो ती अगदी सहज हातातून सोडतो, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग धुळीचे लोट उठतात. हा थांबा कागदावर वाचकाला स्वतः घ्यावा लागतो, आणि घाईत पान उलटणारा तो घेत नाही. तोशिओ मासुदा यांच्या संगीताबद्दल तर बोलायलाच नको; बासरीचे ते दोन-चार सूर लागले की आमच्या घरात अजूनही सगळे गप्प होतात. फिलर (म्हणजे मांगात नसलेल्या) भागांची यादी हाताशी ठेवावी, १३६ पासून सरळ ‘शिपुदेन’वर जावे आणि कोणी ‘तू काहीतरी चुकवलेस’ म्हणाले तर हसून सोडून द्यावे.

पुण्याहून, श्रवणदोष असलेला वाचक

वरील प्रतिसादातील बासरीचे सूर माझ्यापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे माझी निवड वेगळ्या कारणाने झाली आहे. ती येथे लिहिण्याजोगी वाटली, कारण या प्रश्नावरील चर्चेत ‘ॲनिमेला आवाज असतो’ हा मुद्दा नेहमी ॲनिमेच्या बाजूने मोजला जातो.

मी हारुइची फुरुदाते यांचा व्हॉलीबॉलवरील ‘हायक्यू’ निवडला. २०१२ ते २०२० या काळात आलेली ४०२ प्रकरणे, ४५ खंड. ॲनिमे २०१४ पासून हंगामा-हंगामाने आले, त्यामुळे धागाकर्त्यांनी सांगितलेला ताणाताणीचा दोष त्यात फारसा नाही. तिसरा हंगाम दहा भागांचा असून जवळपास एकाच सामन्यावर आहे, तरी कंटाळा येत नाही असे सगळे सांगतात. माझी अडचण निराळी होती. उपशीर्षक पडद्याच्या तळाशी येते आणि चेंडू असतो जाळ्याच्या वर. वाक्य वाचून नजर वर न्यावी तोवर फटका मारून झालेला असतो. शिवाय उपशीर्षकांत संवाद असतात. बुटांची करकर, चेंडू मनगटावर बसल्याचा आवाज, प्रेक्षकांचा गलका यांतले काही नसते.

मांगात आवाज काढलेला असतो, म्हणजे अक्षरशः चित्रात रेखाटलेला. चेंडू जमिनीवर आदळतो तेव्हा अक्षरे तिरकी, जाड, पानाच्या कडेबाहेर जाणारी असतात; बोटांना निसटता लागतो तेव्हा बारीक असतात. आवाज कुठून आला, किती मोठा होता, कोणत्या दिशेला गेला, हे मला एकाच नजरेत कळते, आणि शब्द व हालचाल एकाच जागी असल्याने डोळ्यांची धावपळ होत नाही. माझी बहीण म्हणते की ॲनिमेतील बुटांची करकर ऐकल्याशिवाय ‘हायक्यू’ अपुरा आहे. तिच्यासाठी तसे असेलही.

(धागाकर्ता: या प्रतिसादाबद्दल विशेष आभार. आवाजाचा मुद्दा मीही एकाच बाजूने मोजत आलो होतो.)

पुण्याहूनच, जपानी शिकणारी विद्यार्थिनी

गोशो आओयामा यांच्या ‘डिटेक्टिव्ह कोनान’चा मांगा १९९४ च्या जानेवारीत सुरू झाला, ॲनिमे १९९६ च्या जानेवारीत, आणि दोन्ही अजून चालू आहेत. ॲनिमेने अकराशे भाग ओलांडले आहेत. अशा मालिकेत ‘संपवण्या’चा विचारच सोडून द्यावा लागतो. सुदैवाने प्रकरणे सुटीसुटी असल्यामुळे त्याने बिघडत नाही, आणि याच कारणामुळे ॲनिमेने स्वतः रचलेल्या कथाही येथे ‘नारुतो’सारख्या टोचत नाहीत.

माझा नियम असा आहे की रहस्यकथा कागदावर वाचावी. सुगावा कोणत्या चौकटीत होता हे तपासायला चार पाने मागे जाता येते, दाराची कडी, टेबलावरचे पेले, संशयितांची बसण्याची जागा हवे तितका वेळ न्याहाळता येते, आणि उलगडा सुरू होण्याआधी पुस्तक मिटून स्वतः तर्क लढवता येतो. भाषेच्या दृष्टीनेही मांगा सोयीचा आहे, कारण मुलांसाठीच्या मांगात कांजीच्या (चित्रलिपीतील अक्षरांच्या) शेजारी बारीक फुरिगाना (उच्चार दाखवणारी अक्षरे) छापलेले असतात; शब्द अनोळखी असला तरी उच्चार कळतो आणि शब्दकोशात शोधता येतो. मात्र कोनानच्या उलगड्याचे फुगे मजकुराने इतके खच्चून भरलेले असतात की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने त्या वाटेला जाऊ नये. ऐकण्याच्या सरावासाठी मग तेच प्रकरण ॲनिमेत पाहते.

मुंबईहून, चित्रकला शिक्षक

केंतारो मिउरा यांच्या ‘बर्सेर्क’बाबत मला निवड करण्याचा प्रश्नच दिसत नाही. १९८९ पासून आलेल्या या मांगातील चिलखताची एक कडा, घोड्याच्या मानेवरील केस, दूरवरच्या तटबंदीतील दगड हे सारे शाईच्या बारीक रेघांनी उभे केलेले आहे, आणि ती पाने मी विद्यार्थ्यांना छायाभेद शिकवताना दाखवतो. १९९७ च्या २५ भागांच्या ॲनिमेचा भर मुख्यतः एका जुन्या कालखंडावर आहे. त्याला स्वतःचे वातावरण आहे, हे कबूल. २०१६ च्या संगणकीय ॲनिमेत रेघ उरलेलीच नाही. मे २०२१ मध्ये मिउरा गेले. त्यानंतर त्यांचे मित्र कोजी मोरी यांच्या देखरेखीखाली त्यांच्याच सहायकांनी काम पुढे चालू ठेवले आहे.

कोल्हापूरहून, शाळेच्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक

थोडक्यात लिहितो. ‘स्लॅम डंक’चे १०१ भागांचे ॲनिमे राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावर थांबते, त्यामुळे ३१ खंडांचा मांगा वाचल्यावाचून सुटका नाही. शेवटच्या सामन्याची अखेरची पाने जवळपास निःशब्द आहेत. ती वाचून झाल्यावरच मांगाचे लेखक ताकेहिको इनोउए यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला २०२२ चा चित्रपट पाहावा.

मडगावहून, ‘ब्लीच’ची वाचक व प्रेक्षक

आतापर्यंतच्या प्रतिसादांत मांगा म्हणजे मूळ आणि ॲनिमे म्हणजे कमी-अधिक पातळ झालेले रूप, असा सूर आहे. ‘ब्लीच’ने हा हिशोब उलटा करून दाखवला आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमेचे पहिले ६३ भाग आजही बांधीव वाटतात. त्यानंतर लगेच ६४ ते १०९ हे भाग मांगात नसलेल्या कथानकाला दिलेले आहेत, आणि अनेकांचा प्रवास तिथेच संपतो. पुढेही असे अडथळे आहेत. शेवटी मार्च २०१२ मध्ये ३६६ व्या भागावर ॲनिमे थांबले, मांगा मात्र २०१६ पर्यंत चालून ७४ खंडांत पूर्ण झाला. त्या वेळी ज्यांनी अखेर वाचली त्यांपैकी पुष्कळांना ती उरकल्यासारखी वाटली, मलाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मांगाच्या ४८० व्या प्रकरणापासूनचा भाग नव्या ॲनिमेत येऊ लागला, तो चार टप्प्यांत. मधल्या दहा वर्षांत मांगा पूर्ण झालेला असल्यामुळे कोणाच्या पाठीला भिडण्याची भीती नव्हती, आणि मांगाचे लेखक तिते कुबो यांनी स्वतः लक्ष घालून मांगात जागा न मिळालेले प्रसंग त्यात घातले. धागाकर्त्यांचा ‘अखंड की हंगामाने’ हा प्रश्न येथे एकाच मालिकेच्या दोन ॲनिमेंना लागू पडतो आणि उत्तरे उलटसुलट येतात.

भाचीला मी पुढील क्रम सुचवला आहे: पहिले ६३ भाग ॲनिमेत पाहावेत, तिथून ४७९ व्या प्रकरणापर्यंत मांगा वाचावा, मग नव्या ॲनिमेकडे यावे. चौथा टप्पा पाहताना ७४ वा खंड शेजारी ठेवला, तर लेखकाने काय बदलले तेही दिसेल.