लाल कर्दळीला फुलंच येईनात

परभणीकर: गेल्या पावसाळ्यात मावशीकडून लाल कर्दळीचे 3 गड्डे आणून कडुलिंबाखाली लावले, पानं लई जोरात, माणसाएवढी उंच झालीत पण फूल एकबी नाही, वरून पानं सुरळीसारखी चिकटलीत, उकलून बघितलं तर एका ओळीत भोकं. युरिया दोनदा टाकलाय.

काळीमाती: युरिया आधी बंद करा, त्यानं नुसता पाला वाढतो. अन् कडुलिंबाखाली ऊन कुठून येणार? कर्दळीला 6 तास तरी ऊन पायजे. गड्डे काढून न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर लावा, आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो तरी सांडपाण्यावर मस्त फुलतीय.

बीडचीताई: सुरळीत अळी असते दादा, उकलायची अन् चिरडायची. फुलून गेलेला दांडा बुडातून छाटा, नवे कोंब येतात.

परभणीकर: आत्ताच एक उकलली ताई, आत हिरवी अळी अन् काळ्या लेंड्या, शी! बियापासून येते का कर्दळ?

बीडचीताई: येते की, पण काळं बी गोटीसारखं टणक, फरशीवर घासून दिवसभर पाण्यात ठेवावं लागतं. अन् बियाचं रोप लालच फुलेल असं नाही, गड्डाच बरा.