अनुभव धागा: कॉपी कॅसेट, फुटपाथवरची एमपीथ्री आणि मेमरी कार्डातली गाणी

पायरसीचा विषय निघाला की दोन मिनिटांत 'चोरी ती चोरीच' विरुद्ध 'कंपन्यांनी काय कमी लुटलं' अशी हाणामारी सुरू होते. ती इथे नको. कायदा ढोबळमानाने सगळ्यांना ठाऊक आहे: 1957 चा कॉपीराइट कायदा, 1984 च्या दुरुस्तीत वाढवलेली शिक्षा, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. तरीही रस्त्यावर ढीग होतेच. दुकान चालवलंय, गायलाय, साथ केलीय, भरून घेतलंय, विकलंय, जे काही असेल ते स्वतःचं लिहा. कंपन्या-दुकानांची नावं घेऊन आरोप मात्र करू नका.

कॅसेटवाला, सांगली

बाबांचं दुकान होतं, कॉलेज सुटलं की मी गल्ल्यावर. नकली कॅसेट हातात घेतली की कळायची. कव्हरवरचा लाल रंग विटकरी झालेला, अक्षरांच्या कडा फुटलेल्या, कारण कव्हरचा फोटो काढून ते पुन्हा छापलेलं. टेपमागची फेल्टची बारीक गादी कधी कधी नसायचीच, मग आवाज मधेच बुडायचा. होलसेलवाला दोन्ही माल समोर ठेवायचा आणि तोंडाने फक्त भाव सांगायचा. नकलीत कितीतरी जास्त सुटायचे. बाबांनी ती ठेवली नाही. तत्त्व वगैरे काही नाही, धाड पडली तर माल जप्त होईल आणि गावात नाव जाईल, ही धास्ती.

पण कॅसेट भरून द्यायचो. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी आणायचं, आम्ही डबल डेकवर (एकातून दुसऱ्या कॅसेटवर उतरवणाऱ्या टेपवर) साठ नाहीतर नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवायचो. कायद्यात तेही बसत नव्हतं, पण गावातली सगळीच दुकानं करायची. दुकानाचं भाडं त्यावरच निघायचं. गुलशनकुमारांच्या टी-सिरीजने कॅसेट स्वस्त केली तेव्हा भरून घेणारे कमी झाले, नकलीवाल्यांचीही जरा पंचाईत झाली. मग एमपीथ्री आली. एसटी स्टँडबाहेर चादर अंथरून एका सीडीत दीडशे गाणी, आणि आमच्या रॅकवर जवळपास त्याच पैशांत आठ गाण्यांची कॅसेट. त्या वर्षी दिवाळीला दुकानात आम्ही दोघंच बसलो होतो. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

ढोलकीवाला

वादकांचं कोणीच लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. भीमगीतांच्या पार्टीत होतो. स्टुडिओत सकाळी बसायचं, रात्रीपर्यंत आठ गाणी करायची, एकरकमी पाकीट, सही, विषय संपला. पुढे कॅसेट खपली काय, नकली निघाली काय, आम्हाला फरक शून्य. उलट नकलीमुळे गाणी अशा गावांत गेली जिथे कंपनीची गाडी जात नव्हती, आणि त्या गावांतून कार्यक्रमांच्या सुपाऱ्या यायला लागल्या. एप्रिलमध्ये तर घरी झोपायला मिळायचं नाही. तेव्हा पायरसीने कलाकार मेला हे सरसकट कुणी म्हणत असेल, तर आमची पार्टी त्यात धरू नका.

लागतं ते वेगळंच. कंपनीच्या कॅसेटवर गायकाचा फोटो आणि खाली बारीक अक्षरांत कवीचं नाव असायचं. नकलीवर फोटो राहिला, बारीक अक्षरं गेली. आज त्याच नकली कॅसेटी यूट्यूबवर चढल्यात आणि खाली लिहिलंय 'पारंपरिक'. अहो, कसलं पारंपरिक? कवी आमच्या मागच्या गल्लीत राहायचा, गिरणीत कामाला होता. पाळी संपवून यायचा आणि उभ्या उभ्या कडवं बदलून द्यायचा. त्याच्या मुलीने तिथे कमेंट टाकली की हे माझ्या वडिलांचं आहे. त्यावर कोणीतरी पुरावा मागितला.

स्वरगंधा, पुणे

शास्त्रीय गाते. कॉपीराइट कायद्याच्या 1994 च्या दुरुस्तीपासून, निव्वळ खासगी वापर वगैरे सोडला तर, कलावंताच्या परवानगीशिवाय मैफल ध्वनिमुद्रित करता येत नाही. तरी पहिल्या रांगेत रुमालाखाली रेकॉर्डर असायचाच, आता उघड मोबाइल असतो. घसा बसलेल्या एका दिवशीचा माझा मारवा राग नेटवर आहे, आणि नवीन आयोजक नेमका तोच ऐकून फोन करायचा की नाही ते ठरवतात. काढून टाका म्हटलं, तर चढवणाऱ्याचं उत्तर: "ताई, मी तर तुमची सेवाच करतोय."

आता दुसरी बाजू. जुन्या गवयांच्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्यात रागाचा विस्तार काय कळणार? माझ्या गुरुजींनी मला विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, समजावलं ते कुणा रसिकाने स्पूलवर (चकतीवर गुंडाळलेल्या टेपवर) टिपून ठेवलेल्या मैफलींवरून. ती माणसं पैसे घेत नसत. तुमच्याकडे काय आहे ते विचारत आणि टेपला टेप असा व्यवहार करत. काही तर इतके कद्रू की समोर बसवून ऐकवत, पण कॉपी म्हणून देत नसत!

स्पूलवेडा

@स्वरगंधा, कद्रू नाही हो. दिलेली टेप महिन्याभरात कुणाच्या तरी सीडीवर 'दुर्मिळ मैफल' म्हणून विकायला आलेली पाहिलीय. तेव्हापासून देणं बंद.

परभणीकर

माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. एकेकाळी रिपेअरिंगपेक्षा गाणी भरण्याचे पैसे जास्त यायचे. दोन जीबीचं कार्ड 'फुल्ल' करायला तीस रुपये. गिऱ्हाईक गाणं निवडत नसतं भाऊ. "नवीन मराठी टाक, दोन-चार जुनी टाक, बाकी डीजे." कॉम्प्युटरवर फोल्डर तयार, कॉपी-पेस्ट, पुढचा. त्या फायलींमध्ये गायकाच्या जागी वेबसाइटचं नाव असायचं. गाडीत लावलं की स्क्रीनवर सगळी गाणी एकाच वेबसाइटने गायलेली! 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि हा धंदा काही महिन्यांत बसला. पोलिसांनी जे केलं नाही ते रिचार्जने केलं.

न्यू जर्सी

ऐंशीच्या दशकात इथे मराठी कॅसेट विकत घ्यायची म्हटलं तरी घेणार कुठून? भारतातून कोणी आलं की बॅगेत चकली आणि चार कॅसेटी. मंडळाच्या गणपतीत त्या फिरायच्या, मग कॉपी, कॉपीची कॉपी. आमच्याकडे यायच्या तेव्हा नाट्यगीतापेक्षा खरखर जास्त. आमच्या मुलाला कित्येक वर्षं ती खरखर ऑर्गनचीच वाटायची.

मुंबई 23

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे कॅसेट-सीडीचं जुनं दुकान 2016 मध्ये बंद होणार म्हटल्यावर पेपरांत आठवणींचा पूर आला. आमच्या ऑफिसातही सगळे हळहळले. त्यातल्या निम्म्यांच्या ड्रॉवरमध्ये मनीष मार्केटच्या नकली सीडी होत्या.

दोन ओळी

अल्बमसाठी गाणी लिहिते. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटीलाच (रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेलाच) देता येतो. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत भांडण मांडलं होतं. मला गेल्या वर्षी आलेल्या करारात मात्र 'सर्व हक्क कायमचे' असंच छापलेलं. विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, फॉरमॅट जुना आहे, सही करा." फुटपाथवाल्याने निदान सही तरी मागितली नव्हती.

ढोलकीवाला

@दोन ओळी, टाळ्या.

सगळ्यांना एक विनंती. 1990 च्या आसपास आंबेडकर जयंतीला निघालेल्या, कंपनीच्या अस्सल कॅसेटी कुणाकडे असतील, तर आतलं कव्हर पूर्ण उघडून फोटो टाका. गाणं नको, कव्हर हवंय.

कॅसेटवाला, सांगली

माळ्यावर न खपलेल्या मालाची दोन खोकी आहेत. पार्टीचं आणि कवीचं नाव कळवा, रविवारी उतरवतो.

ढोलकीवाला

व्यनि (खासगी निरोप) केलाय.